टोपीचं रिव्हॉल्व्हर: ओळखायचं कसं, सांभाळायचं कसं, आणि लोक अजून त्याच्या मागे का?

लळिंगची_वाट

राम राम मंडळी. धुळे जिल्ह्यातल्या एका वाचनालयाच्या काचेच्या कपाटात, जुन्या नाण्यांच्या शेजारी एक टोपीचं रिव्हॉल्व्हर (काडतुसाच्या आधीचं, ठिणगीसाठी तांब्याची छोटी टोपी लागणारं) पडून आहे. खाली चिठ्ठी: 'इंग्रजांचे पिस्तूल, १८५७'. बस, एवढंच. ती चिठ्ठी नव्यानं लिहायची आहे आणि त्यात भाकड काही घालायचं नाही.

दिसतं ते असं. नळी अष्टकोनी, १५ सेंमीच्या आसपास. सिलिंडरला पाच घरं. सिलिंडरच्या डोक्यावरून लोखंडी पट्टी जाते, म्हणजे चौकट बंद आहे. नळीच्या डाव्या अंगाला ठासणीचा छोटा दांडा. घोड्याला अंगठ्यानं ओढायची शेपटी आहे. लाकडी दस्त्यावर बारीक चौकड्यांची नक्षी, एका बाजूला उभी चीर. नळीचं तोंड कॅलिपरनं ११.२ मिमी भरतं. निपलवर, म्हणजे प्रत्येक घरामागच्या टोपी बसवायच्या भोकाच्या बोंडावर, टोप्या नाहीत. गंज बहुतेक तपकिरी, दोन ठिकाणी नारिंगी.

विचारायचं ते:
१. हे कोणतं? कोल्ट म्हणायचं का?
२. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात आणि नंतरच्या पावसाळ्यात हे टिकवायचं कसं?
३. कायद्याचं काय?
४. आणि जरा वेगळं: काडतूस येऊन दीडशे वर्षं झाली. कोल्टनं हा प्रकार १८७३च्या सुमारास सोडला, मग १९७१ ते १९८२ पुन्हा काढला, बंद केला, १९९४ ते २००२ परत काढला, परत बंद. रुगरनं १९७२ला सुरू केलेलं ओल्ड आर्मी २००८ला थांबवलं. तरी जगभर लोक याच्यामागे आहेत. चिठ्ठीत दोन ओळी त्याबद्दलही हव्यात. त्यात नेमकं आहे तरी काय?

कमान_पाचर

कोल्ट नाही. तुझ्याच वर्णनात तीन पुरावे आहेत.

त्या काळातल्या बहुतेक कोल्टला वरची पट्टी नसते. सिलिंडर उघडा असतो आणि नळी एका आडव्या पाचरीवर आसाला अडकवलेली असते. दुसरं, कोल्टच्या १८५१च्या नेव्हीला आणि १८६०च्या आर्मीला सहा घरं, तुझ्याकडे पाच. तिसरं, कोल्टचा ठासणीचा दांडा नळीच्या खाली असतो, डाव्या अंगाला नाही. बंद चौकट, पाच घरं, डावीकडे दांडा आणि घोड्याला शेपटी हे सगळं एकत्र आलं की पहिला अंदाज बोमाँट-ॲडम्सचा. रॉबर्ट ॲडम्सचं पेटंट १८५१चं. त्या पहिल्या नमुन्यात घोड्याला शेपटीच नव्हती, चाप ओढला की घोडा आपोआप उठायचा आणि पडायचा. फ्रेडरिक बोमाँट या इंजिनिअर पलटणीतल्या अधिकाऱ्यानं १८५५मध्ये त्यात सुधारणा केली: अंगठ्यानंही घोडा चढवता येईल आणि नुसत्या चापानंही बार उडेल. १८५६मध्ये ब्रिटिश फौजेनं ते स्वीकारलं.

खात्री करायची तर नळी आणि चौकट जिथे मिळतात तिथे भिंग धर. ॲडम्समध्ये नळी आणि चौकट एकाच लोखंडाच्या तुकड्यातून घडवलेली असते. आट्यांची रेघ, सांधा, काही दिसणार नाही. सांधा दिसला तर दुसऱ्या कुणाचं समज.

तुझे ११.२ मिमी फार कामाचे आहेत. इंग्रज तेव्हा भोक इंचात सांगत नसत, एका पौंड शिशात किती गोळ्या होतात ते सांगत. ५४ बोअर म्हणजे ४५३.६ ग्रॅम शिशाच्या ५४ गोळ्या. एक गोळी ८.४ ग्रॅमची. शिशाची घनता ११.३४ धरून व्यास काढ, ११.२ मिमीच येतो. म्हणजे तुझं ५४ बोअरचं, फौजी मापाचं. यातच ३८ बोअरचं मोठं (१२.६ मिमी) आणि १२० बोअरचं छोटं, खिशातलं (८.६ मिमी) मिळतं. चिठ्ठीत '५४ बोअर' लिही आणि कंसात मिमी दे. लोकांना आकड्यामागचं गणित कळलं की ते कपाटासमोर थांबतात.

आता शिक्के. नळीवर आणि सिलिंडरच्या प्रत्येक घराच्या मध्ये बघ. मुकुटाखाली गुंफलेली जी-पी ही अक्षरं आणि मुकुटाखाली व्ही असेल तर लंडनची चाचणी. मुकुट आणि फुलीसारखे दोन राजदंड असतील तर बर्मिंगहॅम. अंडाकृती चौकटीत ई-एल-जी असेल तर बेल्जियमचं लिएज, आणि त्या अंडाकृतीच्या डोक्यावर मुकुट असेल तर १८९३च्या नंतरचं. तसं निघालं तर '१८५७' ही चिठ्ठी गेलीच.

नुसत्या शोभेच्या नकलाही बाजारात भरपूर आहेत. त्या ओळखणं सोपं. अधिक चिन्हाच्या खाचेचा स्क्रू दिसला तर विषय संपला, तो स्क्रू १९३०च्या दशकातला. चौकटीवर ओतीव कामाची शिवण, निपलला आरपार भोकच नाही, शिक्क्याची अक्षरं उथळ आणि गोलसर, ही नकलेची लक्षणं. निपलमध्ये बारीक सुई घालून भोक तपासायचा मोह होईल. आत्ता नको. आधी भरलेलं आहे का ते बघू.

गिरणाकाठ

वरच्या भाऊंच्या शेवटच्या ओळीवरच थांबतो, कारण बहुतेक जण नेमकी तीच पायरी गाळतात. टोपी नाही म्हणजे रिकामं, असं नसतं. टोपी ही फक्त काडी. गंधक-सोऱ्याची काळी दारू शिशाखाली कोरडी दबून राहिली तर तिला म्हातारपण येत नाही. जुन्या हत्यारांत भरलेली घरं आजही सापडतात.

क्रम असा ठेव:

आधी वाळूची बादली. नळी तिच्याकडे, माणसं मागे. निपल समोरून बघायचे नाहीत, बाजूनं. एकाही निपलवर तांब्याची टोपी चिकटलेली असेल तर इथेच थांबायचं, ती चिमट्यानं उचकटायची नाही. तू म्हणतोस टोप्या नाहीत, तरी भिंगानं पुन्हा बघ, कळकून हिरवी झालेली टोपी निपलच्याच रंगाची दिसते.

मग सिलिंडर काढायचा. बंद चौकटीत तो आसावर असतो. पुढची खिट्टी सोडवून आस नळीच्या दिशेनं सरकवला की सिलिंडर बाजूनं हातात येतो. अडला तर ठोकायचं नाही. बिनगंधी हलकं तेल दोन थेंब, एक रात्र, आणि पुन्हा हातानंच. घोडा चढवायची गरज पडली तर अर्ध्यावर, पूर्ण नाही.

सिलिंडर हातात आला की बांबूची काडी, उदबत्तीच्या काडीपेक्षा जराशी जाड, प्रत्येक घरात आपल्या वजनानंच टेकेल एवढी सोडायची. लोखंडी तार नाही. जिथे टेकली तिथे नखानं खूण, मोजपट्टीवर मिमी वाच. पाचही आकडे सारखे आले आणि बाहेरून मोजलेल्या सिलिंडरच्या लांबीशी जुळते असले तरच रिकामं, सारखेच पण बरेच कमी आले तर पाचही भरलेली असू शकतात. एक जरी वेगळा आला तर इथे येऊन आकडे टाक.

कमान_पाचर

चौथ्या प्रश्नावर लिहितो, कारण तो मला सगळ्यात आवडला.

आजच्या काडतुसात चार गोष्टी एका पितळी डबीत बंद असतात: ठिणगी, दारू, गोळी आणि मागून धूर न सुटू देणारं बूच. टोपीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये त्या चारही सुट्या असतात आणि माणूस त्या एकेक करून जागेवर बसवतो. चूक झाली तर कुठल्या पायरीला झाली ते नंतर बोटानं दाखवता येतं. मला विचारशील तर वेड त्याचं आहे, 'जुनं ते सोनं' वगैरे नाही.

अमेरिका-युरोपात आज नकला चालवणारे लोक जो क्रम पाळतात तो बघ, म्हणजे कळेल. आधी रिकाम्या निपलवर नुसत्या टोप्या फोडायच्या, निपलच्या भोकातलं तेल उडून जावं म्हणून. मग घोडा अर्ध्यावर, सिलिंडर मोकळा फिरतो. घरात दारू. छत्तीस कॅलिबरला (भोक सुमारे पॉइंट ३६ इंच) १५ ते २५ ग्रेन (दारू तोलायचं बारीक वजन), चव्वेचाळीसला २५ ते ३५. वर शिशाची गोल गोळी, घराच्या तोंडापेक्षा मुद्दाम थोडी मोठी. छत्तीसची गोळी पॉइंट ३७५ इंचाची असते. दांड्यानं दाबली की तिच्या कडेची शिशाची बारीक कडी कातरून बाहेर पडते. ती कडी हातात अखंड आली पाहिजे. अखंड आली म्हणजे गोळी चहूबाजूंनी घराला चिकटली. अर्धवट आली तर एका बाजूला फट आहे, आणि शेजारच्या घराची आग त्या फटीतून आत शिरू शकते. वरून चरबी-मेणाचं मलम किंवा गोळीखाली तेलात भिजवलेली लोकरीची चकती. टोप्या सगळ्यात शेवटी, आणि घोडा ज्या घरावर टेकणार ते घर रिकामं.

शिशाची ती कडी बघ एकदा. काळ्या तव्यावर पडलेल्या चांदीच्या जोडव्यासारखी दिसते. सगळं यंत्र बरोबर बसलंय याचा निरोप एवढ्याशा कडीत असतो. आजच्या कुठल्या हत्यारात असा निरोप डोळ्यांना दिसतो?

बिघाडही तसेच, कारणासकट. एकाच वेळी दोन-तीन घरं उडणं, त्याला साखळीबार म्हणू. लोक सगळा दोष पुढच्या चरबीला देतात. पुढून आग शिरते ती गोळी लहान किंवा चेपलेली असली तर. पण मागूनही शिरते: टोपी सैल असली की धक्क्यानं गळून पडते, निपल उघडा राहतो. दहा आणि अकरा नंबरच्या टोप्यांत केसभराचाच फरक, पण निपलला न बसणारी टोपी चिमटून बसवणं ही सगळ्यात महागडी काटकसर. दुसरा बिघाड, फुटलेल्या टोपीचा तुकडा घोड्याच्या खाचेत पडून यंत्र अडणं. कोल्टला हा रोग जुना. म्हणून घोडा चढवताना नळी आकाशाकडे करायची पद्धत पडली, तुकडा मागे बाहेर पडतो. नाटकी हालचाल वाटते, पण तिच्यामागे तांब्याचा फाटका तुकडा आहे.

तिसरा, राख. काळी दारू जळाली की वजनाच्या निम्म्याहून जास्त भाग घनरूपात उरतो, वायू होत नाही. ती काजळी आसावर बसते आणि पंधरा-वीस बारांत सिलिंडर जड होतो. शिवाय ती हवेतलं पाणी ओढते. म्हणून त्याच दिवशी गरम पाणी आणि साबणानं धुऊन, उन्हात किंवा कोमट चुलीपाशी वाळवून, मग तेल. रात्रभर ठेवलं तर सकाळी नळी नारिंगी. खनिज तेल त्या काजळीत मिसळलं की डांबरासारखं चिकट होतं, म्हणून जाणकार वनस्पती-चरबीचं मलम वापरतात.

आणि कोल्टची पाचर! ती एक काढली की हत्याराचे तीन भाग होतात: नळी, सिलिंडर, चौकट. पाचर जास्त ठोकली की नळी मागे तिरपी होते आणि सिलिंडर घासतो, सैल ठेवली की पुढे फट वाढते आणि आग बाजूला फेकते. काही इटालियन नकलांत आस आखूड असतो, नळीतल्या भोकाच्या तळाला टेकत नाही. मग पाचर जितकी ठोकाल तितकी नळी मागे येते. लोक त्या भोकात बरोब्बर मापाची लोखंडी चकती घालून ती खोड काढतात. आपल्याकडे लोहार कुदळीच्या नेढ्यात पाचर मारून दांडा घट्ट करतो, तसलंच काम.

सातपुडा_मेकॅनिक

कोल्टचं कौतुक पुरे झालं भो. खालच्या दर्जाची रचना लोकांना जास्त आवडते, त्याला आम्ही काय करणार. रेमिंग्टनचं १८५८च्या पेटंटचं रिव्हॉल्व्हर घ्या. वरून पट्टी आहे, नळी चौकटीत आटे घालून बसवलेली, पाचरीची भानगड नाही. ठासणीचा दांडा खाली केला, आस पुढे ओढला की सिलिंडर बाहेर. घोड्यावरच्या खाचेऐवजी पट्टीवरच्या खाचेतून नेम, म्हणजे नेम घोड्याबरोबर हलत नाही. निपलांच्या मधे खाचा आहेत, घोडा त्यात टेकवला तर सहाही घरं भरून ठेवता येतात. गणितानं पाहिलं तर रेमिंग्टन पुढे. पण आस बारीक, काजळी धरायला जागा कमी, म्हणून ते लवकर जड होतं. कोल्टचा जाड आस खाचा कोरलेला, त्यात तेल-चरबी राहते. हा एकच गुण, पण दिवसभर चालवणाऱ्याला तोच हवा असतो.

रुगरचं ओल्ड आर्मी म्हणाल तर ते आतून विसाव्या शतकाचं. पट्टीच्या कमानीऐवजी तारेच्या गुंडाळीच्या स्प्रिंग, स्टेनलेसमध्येही मिळायचं, गोळी पॉइंट ४५७ची. फार टिकाऊ. २००८ला बंद झाल्यावर ज्यांच्याकडे होतं त्यांनी सोडलं नाही. यंत्र म्हणून सगळ्यात सरस, आणि तरी चित्र काढायला सांगितलं तर मुलं कोल्टचंच काढतील. पाचरीचं प्रेम, दुसरं काय.

हा प्रकार इतका टिकला याचं एक कारण पेटंट आहे, तेही चिठ्ठीत टाक. आरपार भोक असलेल्या सिलिंडरचं पेटंट १८५५मध्ये रोलिन व्हाइटनं घेतलं, त्याचा हक्क स्मिथ अँड वेसनकडे गेला आणि १८६९ला तो संपला. तोवर अमेरिकेत बाकीच्यांना मागून काडतूस घालायचं सिलिंडर करता येत नव्हतं. म्हणून अमेरिकेचं यादवी युद्ध टोपीवर लढलं गेलं. पेटंट संपल्यावर दोन-चार वर्षांत सगळं फिरलं. हत्याराचं आयुष्य कधी कधी वकील ठरवतो.

कमान_पाचर

रेमिंग्टन-कोल्टचं मान्य. आसाच्या मुद्द्यावर हरलो.

पितळखोरा

कायद्याचं कुणी बोललं नाही अजून, म्हणून.

परदेशातल्या पानांवर 'टोपीचं रिव्हॉल्व्हर बंदुकीत मोडत नाही' असं वाचून इथे कुणी फसू नये. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात तसं आहे, आपल्याकडे नाही. शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम ४५मध्ये जुन्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या हत्यारांना सूट आहे खरी, पण अट अशी की ते दुरुस्त करूनही बार उडवण्याजोगं नसावं. तुमच्यासारखं यंत्र, घोडा उठतो, निपल शाबूत, ते त्या सुटीत बसतंय असं स्वतःच ठरवू नका. परवाना जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीतला विषय. संस्थेच्या नावानं लेखी अर्ज, सोबत फोटो, मापं, शिक्क्यांची नोंद, ते कुणी कधी दिलं त्याची दप्तरातली नोंद असेल तर तिची प्रत. पोलीस ठाण्यालाही एक प्रत देऊन पोच घ्या. वस्तू पिशवीत घालून थेट ठाण्यात नेऊ नका, आधी कागद, मग वस्तू.

काळ्या दारूचा तर विषयच वेगळा, तो स्फोटकांच्या कायद्यात जातो. पीकसंरक्षणाच्या ठासणीच्या बंदुकीचा परवाना असलेल्याकडून 'जराशी दारू' मागून बार करून बघू, असलं काही संस्थेच्या सभेत कुणी बोललं तर तिथल्या तिथे थांबवा. वस्तू शंभर वर्षांहून जुनी निघाली तर १९७२चा पुरावशेष कायदाही लागू पडतो, तिची देशाबाहेर पाठवणी खासगी माणसाला करता येत नाही.

आणि चिठ्ठीबद्दल. खानदेशातलं जुनं हत्यार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर भिल्ल कोअर, म्हणजे इंग्रजांची भिल्लांची पलटण येते, जेम्स आउटरमनं १८२५मध्ये उभी केलेली, धरणगावची. किंवा ११ एप्रिल १८५८ची सातपुड्यातली अंबापाणीची लढाई, इंग्रजांविरुद्ध उठलेल्या खाज्या नाईकांची. तुमच्या वस्तूचा त्याच्याशी संबंध असेलही, नसेलही. अधिकारी स्वतःच्या पैशानं रिव्हॉल्व्हर घेत असत, नंतर ती विकली जात, भेट दिली जात, आणि १८७८च्या शस्त्र कायद्यानंतर परवान्याच्या नोंदवहीत येत. कागदाशिवाय 'अंबापाणीच्या लढाईतले' असं लिहू नका. वाचनालयाचं जुनं दप्तर, देणगीची वही, धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ, एवढं चाळून झालं की मग लिहा, नाहीतर 'कुणी दिले याची नोंद उपलब्ध नाही' असं स्वच्छ लिहा. लोकांना ते खोट्या लढाईपेक्षा जास्त पटतं.

गिरणाकाठ

आता टिकवण्याचं. आपल्याकडचा त्रास दुहेरी. मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसच्या वर, हवा सुकी खडखडीत, तेव्हा लाकूड आकसतं. तुझ्या दस्त्यावरची उभी चीर त्याचीच असणार. जुलै-ऑगस्टमध्ये उलटं, लोखंड पाणी धरतं. लोखंडाला कोरडं हवं, लाकडाला बेताचं ओलसर, दोघांची समजूत ४५ ते ५० टक्के आर्द्रतेवर पडते. पेटीत साधं डिजिटल आर्द्रतामापक ठेव, अंदाजानं चालू नको.

पेटी झाकण घट्ट बसणारी, प्लॅस्टिकची. दहा लिटरच्या पेटीला २०० ग्रॅम सिलिका जेल, रंग बदलणारं. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा बघायचं, रंग बदलला की ओव्हनमध्ये वाळवून परत. मेमध्ये आकडा ३५च्या खाली गेला तर जेल काढून घ्यायचं, उगाच आणखी सुकवू नये. आतली गादी पांढऱ्या पॉलिथिन फोमची. सोफ्यातला पिवळा स्पंज नको, तो काही वर्षांत चिकट होऊन धातूला खातो. मखमल नको, लोकर नको, वर्तमानपत्र तर नकोच. चामड्याचं म्यान असेल तर वेगळं ठेव, चामड्यातल्या आम्लानं पितळावर हिरवा कळक चढतो आणि लोखंडावर म्यानाच्याच आकाराचा गंज. धुऊन मऊ झालेलं पांढरं सुती कापड चालेल.

सफाईत हात जितका कमी तितकं बरं. तपकिरी, घट्ट, बोटाला न लागणारा गंज हा आता त्या वस्तूचं कातडं आहे, त्याला सोड. बोटाला लागतो तो नारिंगी भुगा जिवंत गंज. तेवढ्याच जागी हलक्या तेलाचा थेंब, दोन तास, मग बांबूच्या चपट्या सळीनं खरवड. नाही निघालं तर चार शून्याची (सगळ्यात बारीक) लोखंडी लोकर, तेलात भिजवून, एकाच दिशेनं. चिंच, लिंबू, राख, भांडी घासायची पावडर, पॉलिश पेपर, काही नाही. शिक्के एकदा घासले गेले की वस्तूची साक्षच गेली. शेवटी सूक्ष्मस्फटिक मेणाचा अगदी पातळ हात, सुती कापडानं पुसून. खोबरेल तेल लाकडाला लावायचा मोह होईल, तेही नको, ते खवट होऊन धूळ धरतं. चीर भरायची नाही, फक्त तिची लांबी मिमीत लिहून ठेव, वर्षानं मोज. वाढली तर पेटी सुकी आहे.

स्क्रू सोडवायचे झाले तर खाचेच्या रुंदीइतकंच आणि तळाशी सपाट पातं घासून तयार कर. बाजारातला पाचरीसारखा निमुळता पेचकस खाचेतून उसळतो आणि कडा फाडतो. फाटलेल्या खाचा बघूनच कळतं की कुणाचा हात फिरलाय. मुळात चिठ्ठीसाठी आतलं यंत्र उघडायची गरज नाही.

लळिंगची_वाट

सगळ्यांचे आभार. शिक्के सापडले, नळीच्या डाव्या वरच्या पाटावर आणि पाचही घरांच्या मधे: मुकुट आणि व्ही, मुकुट आणि गुंफलेलं जी-पी. नळी आणि चौकटीच्या मधे भिंगाखाली सांधा दिसत नाही. सगळे स्क्रू एका खाचेचे.

गिरणाकाठ भाऊंच्या क्रमानं सिलिंडर हातानंच निघाला, तेल लावावं लागलं नाही. निपल पुन्हा बघितले, उघडे आहेत. काडीचे आकडे: ३६, ३६, ३५, ३६ आणि पाचव्यात १६. पाचव्यात तळाशी काहीतरी करडं, सपाट दिसतं. कुंभारमाशीचं घर असू शकेल का? कपाटाच्या कोपऱ्यात तिची मातीची दोन घरं आहेत.

गिरणाकाठ

थांब. त्यात आता काडीसुद्धा घालू नकोस.

कुंभारमाशीची माती तपकिरी, खरबरीत आणि काठाला वर चढलेली असते. करडं आणि सपाट म्हणजे शिसं. शिवाय हिशेब बघ: ३६ वजा १६, वीस मिमी. तुझ्या बोअरची गोल गोळी ११ मिमीची. उरले नऊ मिमी, दारूचा थर साधारण तेवढाच असतो. भरलेलं आहे असंच धर.

घाबरण्यासारखं आत्ता काही नाही. सिलिंडर चौकटीबाहेर आहे, टोपी नाही. काळी दारू पेटायला ३०० अंशांच्या पुढे ऊब लागते, खोलीतल्या उन्हानं काही होत नाही. धोका ठिणगीचा, घावाचा आणि निपलमधून काही खुपसण्याचा. म्हणून सुई नाही, ड्रिल नाही, निपल फिरवायचा नाही. 'तेल ओतून दारू मेली' असंही समजायचं नाही, गोळी घट्ट बसली असेल तर तेल आत पोचतच नाही.

सिलिंडर वाळूच्या बादलीत, घरांची तोंडं खाली, निपल वर, अर्धा पुरून ठेव. चौकट वेगळ्या कपाटात. खोलीला कुलूप, आत विडी-उदबत्ती काही नाही, किल्ली एकाच माणसाकडे.

पितळखोरा

आणि कागदाचा क्रम बदलला. अर्ज नंतर, आधी पोलीस ठाण्याला फोन: 'जुन्या रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरचं एक घर भरलेलं दिसतंय, वस्तू वाळूत आहे, हलवलेली नाही.' त्यांचा शस्त्रागारातला माणूस किंवा बॉम्बशोधक पथक येऊन रिकामं करेल. मापांचे आकडे आणि फोटो त्यांना दे, आणि पंचनाम्याची प्रत माग. ती प्रत पुढे परवान्याच्या अर्जाला लागेल.

लळिंगची_वाट

ठाण्यात फोन झाला, उद्या सकाळी अकराला येतात. सिलिंडर वाळूत आहे. जुनी चिठ्ठी काढली, नवी पंचनामा झाल्यावर.

कमान_पाचर

रिकामं करणाऱ्याला सांग, गोळी फेकू नका. गोल आहे की निमुळती ते बघायचंय, आणि वजन ८.४ ग्रॅमच्या जवळ आलं तर चिठ्ठीतलं गणित पक्कं.

सातपुडा_मेकॅनिक

शिशाला पावडर लागलेली असेल, हातमोजे घालून घे भो, आणि नंतर साबणानं हात धू.